बाळाची लस चुकली, आता?

प्रश्न : ऊसतोडीसाठी शिरोळ तालुक्यात आलोय. बाळ अकरा महिन्यांचं. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लसीचा तिसरा डोस आणि गोवर-रुबेलाची लस राहिली, कार्ड गावीच. पहिल्यापासून सुरू करायचं का?

उत्तर : मुळीच नाही. घेतलेले डोस वाया जात नाहीत, राहिलेलेच द्यायचे. दुसऱ्या डोसला ४ आठवडे झाले असतील तर तिसरा आणि गोवर-रुबेला एकाच दिवशी, वेगवेगळ्या जागी टोचता येतात. सोबत ‘अ’ जीवनसत्त्वाचे १ मिली तोंडाने. कार्डाचा फोटो गावाकडून फोनवर मागवा, कारण तारखाच महत्त्वाच्या. जवळच्या उपकेंद्रात किंवा आशाताईंना भेटा. लस मोफत मिळते, रहिवासाचा दाखला लागत नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, जागा चोळू नका. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. तोही मुक्काम हलताना हमखास सुटतो.