'चालू वेळ' की उपलब्धता?

प्रश्न: इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अहवालात वेबसाइटविषयी चार ओळी लिहायच्या आहेत. 'अपटाइम'ला 'चालू वेळ' आणि 'हाय अव्हेलेबिलिटी'ला 'उच्च उपलब्धता' चालेल का?

'चालू वेळ' नको. चालू महिना, चालू वर्ष म्हणजे सध्याचं. सर्व्हर म्हणजे वेबसाइट चालवणारं यंत्र; 'सर्व्हरची चालू वेळ' वाचून डोळ्यांसमोर घड्याळच येतं. सरळ 'अपटाइम' लिहा, पण नेमक्या अर्थाने. लिनक्स या संगणकप्रणालीवर 'अपटाइम' ही आज्ञा दिली की यंत्र शेवटचं सुरू केल्याला किती दिवस, किती तास झाले ते कळतं. त्या काळात वेबसाइट उघडत होती का, हे त्यातून कळत नाही. तोटी शाबूत आणि पाणी नाही, हे दिवसाआड नर्मदेच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. (आपण 'नळ आले' म्हणतो, पुण्यात 'पाणी आलं' म्हणतात. इथे पुणेकरांचा प्रयोग जास्त नेमका.) वापरणाऱ्याला सेवा मिळाली का हे मोजायचं, तर शब्द 'उपलब्धता'.

ती टक्क्यांत सांगतात, आणि टक्के फसवतात. 99 टक्के म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद. 99.9 ला पावणेनऊ तास, 99.99 ला जेमतेम 53 मिनिटं, 99.999 ला सव्वापाच मिनिटं. या बंद काळाला मराठीत सुरेख शब्द आहे: खंड. पावसाचा खंड, रियाजात खंड, तसा सेवेत खंड. 'वर्षभरात पावणेनऊ तास खंड पडला' असं लिहा, आजोबांनाही कळेल. ठरवून केलेली दुरुस्ती त्यात धरली की वगळली, तेही सांगा.

म्हणूनच 'अखंड सेवा' हा पर्याय मला पटत नाही; अखंड म्हणजे एकही खंड नाही, आणि इथे थोडा खंड हिशेबात धरलेलाच असतो. 'उच्च उपलब्धता' मथळ्यात ठेवा, खाली मात्र उलगडून लिहा: 'एक यंत्र बंद पडलं तरी सेवेत खंड पडू नये अशी व्यवस्था'. नवरात्रात माझी आजी अखंड दिव्याची काजळी काढण्याआधी त्याच ज्योतीवर एक निरांजन लावून घ्यायची. मोठी वात विझलीच, तर निरांजनावरून पुन्हा लावायची. ते निरांजन ती दिव्याशेजारी नव्हे, पलीकडच्या कोनाड्यात ठेवायची, एकाच झुळकेने दोन्ही विझू नयेत म्हणून. मंडळाचे दोन्ही सर्व्हर एकाच वीजजोडणीवर असतील, तर 'उच्च उपलब्धता' हा शब्द अहवालात घालू नका.