आत्याचा जुना कॅनन कॅमेरा हाती आलाय? आधी एवढंच कर

एसएक्स20 आयएस म्हणजे 2009 चा गडी. 12 मेगापिक्सेल, 20 पट झूम. मोडीत मुळीच घालू नकोस.

पहिली गोष्ट सेलची. याला चार पेन्सिल सेल लागतात आणि साधे पटकन उतरतात, म्हणून रिचार्जेबलचे दोन संच घे. इथे इंदूरच्या कृष्णपुरा छत्रीवर ऐन सोनेरी उन्हात माझे सेल बसले होते. तेव्हापासून खिशात जास्तीचे चार असतातच. मेमरी कार्ड 32 जीबीपर्यंतचंच, 64 वालं याच्यासाठी नाही.

नवखे हमखास फसतात ते आयएसओत. हा आकडा वाढवला की अंधारातही फोटो उजळ येतो, पण दाणेदार होतो. त्यात याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, करंगळीच्या नखाहूनही छोटा! रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत 800 वर काढलेली जिलबी वाळूत लोळल्यासारखी दिसते. 80 ते 200 मध्येच राहा, म्हणजेच सध्या दिवसाउजेडी काढ.

अजून दोन:
- डिजिटल झूम मेनूत जाऊन बंद कर. तो नुसता फोटो कापून ताणतो.
- पूर्ण झूमला झाडाला किंवा कठड्याला टेकून उभा राहा.

सगळं हाताने ठरवायचा मॅन्युअल मोड महिनाभर राहू दे, पी मोड पुरे, त्यात उजेडाचा हिशेब कॅमेराच करतो. रविवारी सकाळी सिरपूर तलावावर जा, बगळे भरपूर आहेत आणि ते घाई करत नाहीत. फोटो मला दाखव, बिघडलेले आधी.