शाळेत गाय नेताना

शाळेत मुलांना धार दाखवायला गाय निवडताना दुधाचे आकडे बाजूला ठेव आणि स्वभाव बघ. चार वेतं झालेली, पोरांच्या गलक्यात रवंथ करत उभी राहणारी गीर गाय या कामाला सोनं. खिल्लार देखणी खरी, पण बुजरी; ती गर्दीत नेऊ नकोस. कानात बिल्ला हवाच, लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस वेळेत झालेली हवी. २०२२ मध्ये लम्पी पसरली तेव्हा राज्यात जनावरांच्या ने-आणीवर बंदी आली होती, म्हणून निघण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी कर.

धार काढायला प्रत्येक मुलाला गायीखाली बसवू नको. घाबरलेली गाय पान्हा चोरते, आणि अनोळखी हात सारखे लागले तर सड दुखावतात. सोबत वासरू ने. सरावासाठी लाकडी गाय कर: हातमोज्यात पाणी भरायचं, बोटांना सुईने भोकं पाडायची. अंगठा आणि तर्जनीने वरून दाबून मग बाकीची बोटं मिटायची, हे मुलांना तिथेच जमतं. खऱ्या गायीची धार तूच काढून दाखव, मुलं खांद्याजवळ उभी कर. गाय लाथ पुढे आणि बाजूलाही मारते, हे शिक्षकांना आधीच सांग.

कच्चं दूध कुणालाही चाखू देऊ नको, शिक्षकांनी कितीही आग्रह केला तरी. त्यातून ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा तापाचा आजार, होऊ शकतो. हात साबणानेच धुवायचे. आणि दुपारचं ऊन चढायच्या आत गाय गोठ्यात परत आण.