नव्या मुख्याध्यापकास

गोव्यातील पेडणे किंवा सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या मराठी शाळेचा कारभार हाती घेतल्यावर लगेच नवे नियम काढण्याचा मोह आवरावा आणि आधी शिक्षकांच्या वर्गांत मागच्या बाकावर बसावे. मात्र कधी येणार आणि काय पाहणार हे त्यांना अगोदर सांगावे, कारण अचानक केलेल्या पाहणीत शिकवणे दिसत नाही, धास्ती दिसते. त्याच दिवशी संबंधित शिक्षकाशी एकांतात बोलावे, एकच सुधारणा सुचवावी आणि पंधरवड्याने नेमके तेवढेच पुन्हा पाहावे. सर्वांसमोर चुका काढणाऱ्या मुख्याध्यापकाला पुढे कोणी खरे सांगत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. पर्वरीच्या राज्य प्रशिक्षण संस्थेतून प्रशिक्षण घेऊन आलेल्या शिक्षकाने सहकाऱ्यांपुढे एक पाठ घेतला, तरच (हे माझे ठाम मत) ते तास वर्गापर्यंत पोचतात. बैठकीला लिपिक आणि शिपाई यांनाही बोलवावे. कोणते मूल वारंवार उशिरा येते, हे बहुधा शिपायाला आधी कळते.

जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणबाह्य कामाला जुंपण्यास शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ ची मनाई आहे; तशी मागणी आल्यास नकाराचे पत्र शिक्षकाने नव्हे, आपण स्वतःच्या सहीने पाठवावे.