नवी गाडी आपली कोणती माहिती गोळा करते आणि ते थांबवता येते का?

गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने तुमच्या मोबाइलवर कंपनीचे ॲप घेतले, सगळ्या परवानग्यांना स्वतःच 'मान्य' म्हटले, आणि आता ते ॲप काढून टाकले तर गाडीची पाळत थांबेल का, असे तुम्ही विचारले आहे. थांबणार नाही. ॲप ही केवळ खिडकी आहे. माहिती पाठवणारे टेलिमॅटिक्स युनिट गाडीतच बसवलेले असते, त्याला स्वतःचे सिम आणि जीपीएस असते, आणि तुमचा फोन घरी राहिला तरी त्याचे काम चालूच राहते. 'पाळत' हा शब्दही मला पुरता पटत नाही, कारण पाळत ठेवणाऱ्याला निदान कोणावर लक्ष ठेवायचे हे ठाऊक असते. येथे सरसकट सगळ्यांचेच टिपले जाते आणि त्याचे काय करायचे हे मागाहून ठरते.

गाडीतली प्रत्येक नोंद मात्र सारखी धोकादायक नसते. एअरबॅगशी जोडलेली नोंदयंत्रणा अपघातापूर्वीच्या सुमारे 5 सेकंदांतील वेग, ब्रेक आणि सीटबेल्टची स्थिती साठवते; ती माहिती गाडीतच राहते, म्हणून तिची मला फारशी धास्ती वाटत नाही. चिंता आहे ती गाडीबाहेर जाणाऱ्या माहितीची. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले की जनरल मोटर्सच्या 'स्मार्ट ड्रायव्हर' या सेवेतून चालकांनी किती वेळा जोराने ब्रेक दाबला, वेग किती वाढवला, रात्री उशिरा गाडी चालवली का, याच्या नोंदी लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांकडे व तेथून विमा कंपन्यांकडे जात होत्या, आणि काहींचा हप्ता वाढेपर्यंत त्यांना याची कल्पनाही नव्हती. ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या म्हणण्यानुसार काही गाड्यांचे ठिकाण दर 3 सेकंदांनी नोंदले जात होते. जोराने दाबलेल्या ब्रेकची नोंद होते; समोर अचानक एखादे मूल धावत आले होते, ही नोंद कोठेच होत नाही.

माहिती विकली नाही तरी ती सांडू शकते. डिसेंबर 2024 मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे 8 लाख विद्युत गाड्यांची माहिती क्लाउडवर नीट बंदोबस्ताविना पडून असल्याचे आढळले आणि त्यांतील सुमारे 4 लाख 60 हजार गाड्यांचा ठावठिकाणा बारकाईने कळत होता. गाडी रोज रात्री कोठे उभी असते आणि दर मंगळवारी कोणत्या दवाखान्यासमोर थांबते, एवढ्यावरून माणूस ओळखता येतो; त्याचे नाव वेगळे लागत नाही. 'फोनला तर सगळे ठाऊकच असते' हा युक्तिवाद म्हणूनच मला लंगडा वाटतो, कारण फोन घरी ठेवता येतो आणि प्रत्येक ॲपची परवानगी वेगळी काढून घेता येते. दुसऱ्या कंपनीची गाडी घेणे हाही फारसा उपाय नाही: 2023 मध्ये फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने तपासलेल्या 25 ब्रँडपैकी एकही त्यांच्या गोपनीयतेच्या कसोटीला उतरला नाही.

त्यामुळे ॲप काढण्यापूर्वी गाडीच्या पडद्यावरील आणि ॲपमधील गोपनीयतेची सेटिंग पाहावीत, चालकाला गुण देणारी कोणतीही योजना सर्वात आधी बंद करावी आणि फोन ब्लूटूथने जोडताना संपर्कयादी व संदेश देण्यास नकार द्यावा. युरोपीय संघ किंवा कॅलिफोर्नियाप्रमाणे जेथे कायद्याने हक्क दिला आहे, तेथे आपली साठवलेली माहिती कंपनीकडे लेखी मागावी आणि मग ती पुसण्यास सांगावे. आधी मागितल्याने निदान काय काय साठले होते ते कळते. टेलिमॅटिक्सचा फ्यूज काढण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण मी तो देणार नाही, कारण अपघातात आपोआप मदत बोलावणारी सोयही बहुधा त्याच युनिटवर चालते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. मी भाड्याने घेतलेल्या एका गाडीच्या पडद्यावर आधीच्या सात-आठ जणांच्या फोनची नावे आणि त्यांतल्या एकाच्या घराचा पत्ता तसाच राहिला होता. गाडी विकताना सर्व माहिती पुसणारे रिसेट तर कराच, पण कंपनीच्या खात्यातूनही ती गाडी काढून टाका. आणि जुनी गाडी घेत असाल, तर आधीच्या मालकाचे खाते तिच्याशी अजून जोडलेले नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी तपासा, कारण ते जोडलेले असेल तर त्याला घरबसल्या तुमच्या गाडीचे ठिकाण दिसू शकते आणि काही गाड्यांची दारेही उघडता येतात.