दप्तरातला दुसरा फोन

लंडनच्या क्रॉयडनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा पंधरा वर्षांचा. दप्तरात बटणांचा जुनाट फोन निघाला, सोबत समुद्रकाठच्या हेस्टिंग्ज गावाची दोन रेल्वे तिकिटं. पायात नवे कोरे बूट, 'मित्राने दिले' म्हणे. त्या विचारतात, पोलिसांत जावं की सरळ साताऱ्याला आजोबांकडे पाठवून द्यावं?

ताई, बुटांवरून आधी भांडू नका. या खुणा 'काउंटी लाइन्स'च्या असू शकतात. लाइन म्हणजे गिऱ्हाइकांनी ऑर्डर द्यायचा फोन नंबर. मोठ्या शहरातली टोळी तो चालवते आणि हेरॉइन, क्रॅक (कोकेनचा एक प्रकार) छोट्या गावांत पोरांकरवी पोचवते. पकडलं जातं ते पोर, शेठ घरी बसलेला असतो.

सुरुवात फुकटच्या चिकन-चिप्सनी होते. मग एक दिवस पोराला रस्त्यात लुटतात. माल जातो, पैसे जातात. लुटणारे कित्येकदा त्याच टोळीचे! पोराला मात्र वाटतं, माझ्या हातून गेलं, आता फेडलंच पाहिजे. यापेक्षा गावचा सावकार परवडला. म्हणून हे 'कर्ज' गुपचूप भरायला जाऊ नका, आकडा वाढतच जातो. आणि साताऱ्यालाही फोन लागतोच की.

पोलिसांची भीती मला कळते. पण 2015 च्या मॉडर्न स्लेव्हरी कायद्याच्या कलम 45 मध्ये शोषण झालेल्या मुलांसाठी बचाव आहे. दरोडा, खून असले गुन्हे त्यात बसत नाहीत. पोलीस किंवा कौन्सिलचा सोशल वर्कर मुलाचं प्रकरण नॅशनल रेफरल मेकॅनिझमकडे, म्हणजे शोषणाचे बळी ओळखून मदत देणाऱ्या सरकारी व्यवस्थेकडे, पाठवू शकतो. ते आपणहून मागा. ठाण्यात चौकशी झालीच तर अठराखालच्या मुलासोबत मोठं माणूस लागतंच, वकील फुकट मिळतो. बाबांनी 'खरं काय ते सांगून मोकळा हो' असं दरडावू नये. आधी वकील.

सगळीकडे नुसती धरपकडच चालते असंही नाही. ग्लासगोत 2008 मध्ये टोळ्यांतल्या पोरांना कोर्टात बोलावलं. पोलिसांनी दम भरला, पण बाहेर पडणाऱ्याला शिक्षणाची, कामाची वाटही दाखवली.

'मंडळात (आपल्या मराठी मंडळात) काय म्हणतील' हे तुमच्या पत्रात दोनदा आलंय. मंडळाला कळवायची गरजच नाही. पोलिसांच्या 101 ला फोन करा, जिवाला धोका वाटला तर तातडीचा 999. मुलगा रात्री आला नाही तर सकाळची वाट बघू नका, बेपत्ता म्हणून लगेच कळवा. तो बटणांचा फोन फेकू नका आणि त्यावरून कुणाला उलट फोनही करू नका. पोलिसांना तो लागेल.