काटा घाटातच का चढतो?

प्रश्न : आमच्या आठ वर्षे जुन्या पेट्रोल मोटारीचा तापमानाचा काटा खानापूरहून बेळगावमार्गे निपाणीपर्यंत मध्यावरून हलत नाही; मात्र गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढू लागलो, किंवा खडेबाजारच्या गर्दीत अडकलो, की तो लाल पट्टीकडे सरकतो. कूलंटची पातळी महिन्याभरात थोडी उतरते, तेव्हा मी बोअरचे पाणी घालतो. खाली गळती दिसत नाही. गॅरेजमध्ये रेडिएटर बदलण्यास सांगितले आहे. बदलावा का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : इतक्यात बदलू नये. गाडी कोठे तापते आणि कोठे तापत नाही, हे आपण नेमके लिहिले आहे, आणि अर्धे निदान त्यातच आहे. महामार्गावर समोरचा वारा रेडिएटरमधून आपसूक जातो, तेथे पंख्याला फारसे काम नसते. रेडिएटर आतून चोंदला असता किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) बंद अवस्थेत अडकला असता, तर निपाणीच्या वाटेवरही काटा बहुधा चढला असता. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोर लावते, पण वारा बेताचाच मिळतो. खडेबाजारात तर तोही नाही. म्हणून पहिला संशय पंख्यावर घ्यावा.

गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत त्यासरशी पंखा फिरू लागतो. तसा तो फिरला, पण एसी बंद ठेवून इंजिन तापल्यावर फिरला नाही, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी. मुळीच फिरला नाही, तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच) आणि मोटर तपासावी. मोटरला बॅटरीचे 12 व्होल्ट थेट देऊन पाहिले की तिचा निकाल लागतो. खरा चकवा मात्र फिरणाऱ्या पंख्याचा असतो : मोटरमधील कार्बन ब्रश झिजल्यामुळे तो मंद फिरतो, किंवा दोन वेगांपैकी मोठा वेग गेलेला असतो, आणि बॉनेट उघडून पाहणारा ‘पंखा चालू आहे’ म्हणून निर्धास्त होतो.

पातळी उतरण्याचे कारण वेगळे शोधावे लागेल. रेडिएटरचे झाकण सुमारे 1 बार दाब धरून ठेवते, म्हणून साधे पाणीही सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही आणि कूलंट वाफ होऊन निघून जाते, जमिनीवर थेंबही न पडता. झाकण स्वस्त असते, तेव्हा ते आधी बदलावे आणि मग गॅरेजमधील दाब तपासण्याच्या हातपंपाने रेडिएटरमध्ये दाब देऊन पाहावे. दाब उतरत असेल आणि बाहेर ओल दिसत नसेल, सायलेन्सरमधून गरम इंजिनावरही पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामधील सील) शंका घ्यावी. तो खर्च मोठा आहे.

बोअरचे पाणी मात्र आजच बंद करावे. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि असेच चालले तर गॅरेजवाल्यांचे म्हणणे दोन वर्षांत आपणच खरे करून दाखवाल. तयार कूलंट, किंवा गाडीच्या पुस्तिकेतील प्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळलेले कूलंट घालावे.

दुरुस्ती होईपर्यंत घाटात काटा चढलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा, सुरक्षित जागी थांबावे, आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये.